कागदी गोळ्यांचे रंग: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: सोनोबेच्या (घड्या घालून एकमेकांत खोचायच्या सारख्या कागदी तुकड्यांच्या) ३० युनिट्सचा गोळा ५ रंगांत करते आहे. सुरुवात छान जमते, पण अर्ध्यावर एकाच रंगाची दोन युनिट्स शेजारी येऊन बसतात.

उत्तर: रंग अंदाजाने लावले की असंच होतं. ही ३० युनिट्स म्हणजे विंशतिफलकाच्या (२० त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या) ३० कडा, प्रत्येक रंगाच्या ६. आधी एका खळग्याभोवती (जिथे पाच युनिट्स भेटतात तिथे) पाचही रंग फुलासारखे जोडा: समजा लाल, पिवळा, निळा, हिरवा, पांढरा. आता पाकळ्यांच्या मधे पाच सुळके (तीन-तीन युनिट्सची टोकदार शिखरं) उठतात. प्रत्येक सुळक्याला शेजारच्या दोन पाकळ्यांचे रंग आयते मिळतात. तिसरं युनिट फुलापलीकडे बरोबर समोर असलेल्या पाकळीच्या रंगाचं. म्हणजे लाल-पिवळ्याला हिरवं, पिवळ्या-निळ्याला पांढरं. पुढच्या प्रत्येक खळग्याशी हाच नियम, दुसरा लागतच नाही.

झाल्यावर गोळा फिरवून पाहा. बाराही खळग्यांत पाचही रंग असतील आणि गोळ्याच्या दोन विरुद्ध बाजूंची युनिट्स एकाच रंगाची असतील. ५ रंगांतून ३ निवडायचे १० प्रकार, सुळके २०; म्हणून प्रत्येक त्रिकूट नेमकं दोनदा येतं, तेही पाठीला पाठ लावून. मला अजूनही हे मोजून पाहायला आवडतं.

प्रश्न: माझ्याकडे तीनच रंग आहेत. त्यांत सममिती साधेल का?

उत्तर: शेजारी सारखा रंग नको, एवढंच हवं असेल तर हो. प्रत्येक युनिट दोन सुळक्यांना जोडतं. युनिटवरून युनिटवर जात वीसही टोकांना एकेकदाच शिवून मूळ जागी परतणारी वाट शोधा (हॅमिल्टन या गणितज्ञाने १९व्या शतकात याचं कोडंच केलं होतं). वाटेवरच्या २० युनिट्सना दोन रंग आलटून पालटून द्या, उरलेल्या १० ना तिसरा.

पूर्ण सममिती मात्र विसरा. खळग्यात युनिट्स पाच, रंग तीन, म्हणजे वाटणी दोन-दोन-एक. गोळा ७२ अंशांत फिरवला की तो एकटा पडलेला रंग जागा सोडतो. चूक तुमची नाही, आकाराची आहे.

प्रश्न: लहान मुलांना जमेल असा, पण खरोखर सममित नमुना सांगाल?

उत्तर: १२ युनिट्सचा, अष्टफलकावरचा (आठ त्रिकोणी बाजूंच्या आकारावरचा). रंग ३, प्रत्येकी ४ युनिट्स. चार युनिट्स जिथे भेटतात तिथे समोरासमोर एकच रंग ठेवा. प्रत्येक रंगाचा पट्टा गोळ्याला पूर्ण वेढा घालतो आणि आठही सुळक्यांवर तिन्ही रंग येतात. शेवटचं युनिट खोचताना आधीची दोन-तीन सैल करावी लागतात, तेव्हा मुलांच्या हातून रंग बदलतात. तेवढ्या वेळी लक्ष ठेवा.