लेक सारखी फुलेच काढते, म्हणून

प्रश्न: आम्ही श्टुटगार्टला राहतो. आमची चौदा वर्षांची मुलगी सदैव फुलांची चित्रे काढते आणि पुढेही हेच शिकायचे म्हणते. सासूबाईंच्या मते छंद म्हणून ठीक, पोटापाण्यासाठी नाही. आम्ही काय करावे?

उत्तर: सासूबाईंचे म्हणणे एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन घरांतही सर्रास ऐकू येत असे. मात्र आपल्याच शहरात ते खोटे ठरवणारी एक बाई होऊन गेली, आणि तिची हकिगत मुलीपेक्षा आधी आपण दोघांनी वाचावी, असे मला वाटते.

आन्ना पेटर्स यांचा जन्म १८४३ साली मानहाइमला झाला. त्यांचे वडील पीटर फ्रान्सिस पेटर्स हे नेदरलँड्समधील नायमेगेनहून आलेले निसर्गचित्रकार. आन्ना लहान असतानाच हे बिऱ्हाड श्टुटगार्टला आले. म्हणजे आपल्यासारखेच परमुलखातून येऊन तिथे रुजलेले घर. आन्ना, ईडा आणि पीट्रोनेला या तिन्ही मुली पुढे चित्रकार झाल्या आणि आन्नांना कलेचे धडे वडिलांकडूनच मिळाले. घरच्या शिकवणीचे मोल तेव्हा फार होते, कारण बर्लिनच्या कला अकादमीने मुलींना दार उघडले ते थेट १९१९ मध्ये. नग्न देहाचा अभ्यास हा ऐतिहासिक चित्रांचा पाया मानला जाई आणि तो स्त्रियांना अशोभनीय ठरवलेला होता. उरली फुले, ज्यांना कोणाचा आक्षेप नव्हता, पण ज्यांना फारसा मानही नव्हता.

त्या कमी मानाच्या विषयावर आन्नांनी १८७३ मध्ये व्हिएन्नात पदक मिळवले, पुढे इतर शहरांतही मिळवली, आणि श्टुटगार्ट व फ्रीड्रिक्सहाफेन येथील राजवाड्यांतली दालने सजवण्याचे काम त्यांच्याकडे आले. याला छंद म्हणणे सासूबाईंनाही अवघड जाईल!

मला मात्र पदकांहून मोठी वाटते ती १८९३ ची गोष्ट. त्या वर्षी श्टुटगार्टमध्ये व्यूर्टेमबर्ग राज्यातल्या चित्रकार स्त्रियांचा संघ स्थापन झाला आणि त्याच्या संस्थापकांत आन्ना होत्या. एकटीच्या कौशल्यावर सगळे भागत नाही. शिकायला जागा, चित्रे मांडायला भिंत आणि बरोबरीच्या चार जणी लागतात, हे त्या पन्नाशीला टेकलेल्या बाईने ओळखले होते. त्या संघाची वारस संस्था आजही शहरातल्या ओयगेनश्ट्रासे या रस्त्यावर आहे. तिथले एखादे प्रदर्शन मुलीसह पाहावे, आणि चित्रांपेक्षाही तिथल्या कलावतींना शिक्षण, मिळकत, खर्च यांविषयी मोकळेपणाने विचारावे.

निर्णयाची घाई आत्ता नको. शाळेची अजून काही वर्षे हाताशी आहेत. तोवर कलावर्गात तिचे नाव घाला आणि वसंतात विल्हेल्मा बागेतले मॅग्नोलिया फुलले की तिला वही देऊन तिथे बसू द्या. सासूबाई सुट्टीत आल्या, तर त्यांनाही सोबत न्या.