तलफ मोजताना घ्यायची काळजी

तुम्ही या विषयात नवे आहात, म्हणून आधी सांगतो की खाण्याची तलफ आणि अन्नाचे व्यसन एक नव्हे. अन्नाच्या व्यसनाची लक्षणे मोजणाऱ्या ‘येल फूड ॲडिक्शन स्केल’ या प्रश्नावलीच्या २०१६ मधील सुधारित आवृत्तीत ३५ प्रश्न असून ते मागच्या बारा महिन्यांविषयी आहेत, आणि त्यातील अकरा लक्षणांपैकी एक लक्षण तलफ हेच आहे, त्यामुळे तलफेची वेगळी प्रश्नावली भरून घेऊन दोन्हींचा सहसंबंध काढला, तर तो काही अंशी आपसूकच वाढतो. येल स्केलमधले तलफेचे प्रश्न वगळून आकडेमोड पुन्हा करावी.

स्वभावातली ओढ आणि त्या क्षणीची इच्छा यांतही गल्लत नको. दुपारी पोटभर जेवून आलेला माणूस ‘आत्ता काही खावेसे वाटते का’ याला नाही म्हणेल, पण तोच रात्री अकराला चिवड्याचा डबा उघडून उभा असतो. म्हणून शेवटचे जेवण केव्हा झाले, हे अवश्य नोंदवा.

प्रश्नावलीच्या मराठी भाषांतरात मात्र ‘तलफ’ शब्द जपून वापरा, कारण तो तंबाखू आणि चहाशी इतका जोडलेला आहे की उत्तर देणारा आधीच व्यसनाच्या अंगाने विचार करू लागतो. मी ‘अनावर इच्छा’ पसंत करतो. शिवाय डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत अन्नव्यसन हे निदान नाही, तेव्हा जास्त गुण मिळालेल्यांना अहवालात ‘व्यसनी’ म्हणू नका.