अँब्युलन्स टेक्निशियन व्हायचंय? आधी श्वास मोजायला शिक

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. हे काम म्हणजे पेशंटला उचलून दवाखान्यात पोचवणं एवढंच का? शाळेत गुण बेताचे पडले, तर हा अभ्यास झेपेल का? आणि रक्त पाहिलं की गरगरतं, त्याचं काय करायचं? वयाने बराच लहान दिसतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. सतरा वर्षं या गाडीच्या मागच्या भागात काढली, त्यातली शेवटची सहा नव्या मुलांना शिकवण्यात. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एके काळी खरंच तेवढंच होतं. अमेरिकेत 1960च्या दशकापर्यंत कित्येक गावांत अंत्यसंस्कार करणाऱ्यांचीच गाडी अँब्युलन्स म्हणून धावायची. कारण साधं होतं, आडवा माणूस मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच असायची. मागे पेशंटजवळ बहुतेक वेळा कुणी शिकलेला माणूस नसायचा. 1966 साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर अहवाल काढला आणि ही दुर्दशा उघड मांडली. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हृदयाला शॉक देणारं यंत्र अँब्युलन्समध्ये बसवून थेट पेशंटच्या दारात न्यायला सुरुवात केली. ते यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि वजन साधारण 70 किलो. आज एईडी, म्हणजे तसंच शॉक देणारं छोटं यंत्र, एका हातात उचलतो तेव्हा मला त्या 70 किलोची आठवण येते. पेशंटला उपचारापर्यंत नेण्याऐवजी उपचारच पेशंटपर्यंत न्यायचा, हा सगळा धंदा या एका उलट विचारावर उभा आहे.

दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही: 1967 साली पिट्सबर्गमध्ये ‘फ्रीडम हाउस’ नावाची अँब्युलन्स सेवा सुरू झाली. तिथे घेतलेली मुलं वस्तीतली कृष्णवर्णीय मुलं होती, त्यातली बरीच बेकार. काहींची शाळाही पुरी झाली नव्हती. त्यांना डॉ. पीटर सफार यांनी शिकवलं. छाती दाबून आणि श्वास देऊन माणसाला तगवायचं, आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, तो घडवणाऱ्यांपैकी हे एक. प्रशिक्षण सुमारे 300 तासांचं होतं. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्या पथकाची वैद्यकीय जबाबदारी घेतली. ही सेवा 1975 साली बंद झाली, पण तोवर रस्त्यावर काय काय करता येतं ते या मुलांनी दाखवून दिलं होतं. तेव्हा गुणपत्रिका बाजूला ठेव. पाठांतर लागतं, पण ते ठरावीक असतं आणि हाताने करत करत बसतं.

पायऱ्यांची नावं देशागणिक बदलतात, पण घडण साधारण सारखी. सर्वांत खाली प्रथम प्रतिसादक म्हणजे मदतीला पहिला पोचणारा, त्यावर ईएमटी म्हणजे तू विचारतोयस तो टेक्निशियन, आणि वर पॅरामेडिक. ईएमटी सीपीआर करतो, एईडी लावतो, श्वासमार्ग मोकळा करतो, ऑक्सिजन देतो, रक्तस्राव थांबवतो, मोडलेलं हाड बांधतो, अडलेल्या वेळी बाळंतपणही करतो. शिरेतून औषधं देणं, ईसीजी वाचणं, घशात नळी घालणं हे बहुतेक ठिकाणी पॅरामेडिकचं काम. ईएमटीचा अभ्यासक्रम बऱ्याच ठिकाणी दीडशे तासांच्या आगेमागे असतो, पॅरामेडिकचा हजार तासांच्या वर जातो, आणि काही देशांत त्याला पदवीच लागते. जर्मनीत वरच्या पायरीसाठी तीन वर्षं शिकावं लागतं. फ्रान्समध्ये तर गंभीर कॉलला डॉक्टरच गाडीतून जातो. पैसे भरण्याआधी संस्थेला दोनच गोष्टी विचार: प्रत्यक्ष अँब्युलन्समध्ये आणि कॅज्युअल्टीत किती तास उभं करणार, आणि इथलं प्रमाणपत्र परवाना देणारी यंत्रणा मानते का? पहिल्या प्रश्नावर कुणी गोलगोल बोलायला लागलं, तर तिथून ऊठ.

आता जे खरं सांगायचंय ते. नवीन मुलांचे कागद मी तपासतो तेव्हा श्वासाच्या रकान्यात सगळीकडे 16 लिहिलेलं सापडतं. म्हाताऱ्याचा 16, धापा टाकणाऱ्याचा 16, एकदा तर तान्ह्या बाळाचा 16. बाळ मिनिटाला तीस-पन्नास श्वास घेतं, 16 असतील तर ते मरणाच्या दारात आहे! मोठ्या माणसाचा श्वास 12 ते 20 असला की ठीक, हे पाठ असतं, म्हणून मधला आकडा टाकून मुलं मोकळी होतात. नाडी यंत्र सांगतं, बीपी यंत्र सांगतं, ऑक्सिजन बोटाचा चिमटा सांगतो. श्वास मात्र स्वतः मोजावा लागतो, म्हणून तोच कुणी मोजत नाही.

एका रात्री चाळिशीतल्या बाईंचा कॉल होता. घरच्यांचं म्हणणं, ‘दोन दिवस अशक्तपणा आहे, आता घाबरल्यात.’ बोटाचा चिमटा 97 दाखवत होता, नाडी 110. माझ्याबरोबरचा शिकाऊ मुलगा म्हणाला, पॅनिक असावं. मी त्याला बाईंचं मनगट धरायला सांगितलं, नाडी पाहतोय असं दाखवत छातीकडे बघ आणि अर्धा मिनिट मोज म्हटलं. (मोजतोय हे पेशंटला कळलं की त्याचा श्वास बदलतो, म्हणून ही लबाडी.) अर्ध्या मिनिटात 17 झाले, म्हणजे 34, आणि तेही उथळ नाहीत, खोल, ओढून घेतलेले. वाकलो तर तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास. ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, ‘हाय’ अशी अक्षरं आली, म्हणजे साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेलेली. मधुमेहात रक्त आम्लधर्मी होतं तेव्हा शरीर असा श्वास घेऊन ते आम्ल बाहेर टाकायला धडपडतं. ऑक्सिजन कमी नव्हताच, त्यामुळे चिमटा 97 दाखवत बसला. तो खोटं बोलत नव्हता, त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. कार्बन मोनॉक्साइडमध्ये मात्र तो चक्क फसवतो, रक्त विषारी वायूने भरलेलं असताना 98 दाखवतो. एकाच घरात तीन माणसांचं डोकं दुखतंय आणि बंद खोलीत काहीतरी जळतंय असं दिसलं, तर चिमटा काढायच्या आधी सगळ्यांना बाहेर काढ. आणि आत शिरण्याआधी स्वतःचा विचार कर, तिथे तू पडलास तर तुझ्यासाठी दुसरी गाडी बोलवावी लागेल.

सीपीआरचे आकडे तुला कुठेही मिळतील: मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, 30 दाबांमागे 2 श्वास, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. वर्गात जे नीट ठसत नाही ते असं की हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस कधी कधी मधूनच आ वासून आचके देतो. बघणारे म्हणतात, ‘श्वास चालू आहे की!’ आणि हात आवरतात. तो श्वास नव्हे. दाबायला लाग. शॉक देण्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरामागे, सीपीआर चालू नसेल तर, वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

शिफ्टची सुरुवात यातल्या कशानेच होत नाही, गाडी तपासण्याने होते, आणि हेच सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा बघायचा, अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबून झडप बघायची, एईडीच्या पॅडवरची तारीख वाचायची. माझ्या तिसऱ्या वर्षी मी सक्शनचं, म्हणजे तोंडातली घाण ओढून काढणाऱ्या मशीनचं, बटण न दाबताच ‘ठीक’ अशी खूण केली होती. दुपारी बेशुद्ध माणसाच्या तोंडात उलटी भरलेली, आणि मशीन मुकं. चार्जिंगची पिन रात्रभर निसटलेली होती. त्याला कुशीवर वळवला, दिसत होतं तेवढं बोटाला गॉज गुंडाळून काढलं, हाताने चालणारा पंप शोधायला सहकारी धावला. माणूस वाचला, पण ती खूण माझ्याच अक्षरातली होती. तेव्हापासून बटण दाबून, नळीला अंगठा लावून ओढ जाणवल्याशिवाय मी पेन उचलत नाही.

सायरन आणि वेग याबद्दल तू विचारलं नाहीस, ते बरं केलंस. वेगाने वाचतात ती थोडी मिनिटं, आणि वळणावर मागे उभा राहून छाती दाबणारा आदळतो तो मी.

पाठ मात्र आत्तापासून सांभाळ. या कामातून बरीच माणसं कंबर गेल्यामुळे बाहेर पडतात. जिन्यावरून नव्वद किलोचा पेशंट उतरवताना कमरेतून वाकू नये, गुडघ्यांतून बसावं, भार अंगाजवळ ठेवावा, आणि खाली उतरणाऱ्याने मोठ्याने पायऱ्या मोजाव्यात. मदतीला आणखी दोघांना हाक मारायची लाज वाटू देऊ नकोस. मनालाही दुखापत होते. लहान मुलाच्या कॉलनंतर मी दोन आठवडे नीट झोपलो नव्हतो आणि कुणाला बोललो नाही, हे चुकलंच. तू बोल, सहकाऱ्याशी किंवा समुपदेशकाशी.

राहिलं रक्त. माझ्या तुकडीत चौघं पडले होते, त्यातला एक आज पॅरामेडिक आहे. रक्त बघून नाडी आणि बीपी एकदम खाली येतं, म्हणून गरगरतं. ते भित्रेपण नव्हे. उपाशी पोटी जाऊ नकोस, पाणी पी, ताठ उभं राहून बघत बसू नकोस, हाताला काम घे. जखमेवर दाब धरून बसलेल्याला सहसा चक्कर येत नाही, लांबून बघणाऱ्याला येते. डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं वाटलं की मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळ. तरी नाहीच जमलं, तर ‘मी बसतोय’ असं स्पष्ट सांगून भिंतीला टेकून खाली बस. कुणी हसणार नाही. हसलाच, तर त्याला त्याच्या पहिल्या दिवसाबद्दल विचार.