बर्नार्ड कॉर्नवेलची ‘द विंटर किंग’ ही कादंबरी अर्ध्यावर सोडावीशी वाटतेय. आर्थर राजाचा हा खरा इतिहास आहे का?

इतिहास म्हणून वाचू नका, पण सोडूही नका. तुमची तक्रार अशी की एवढी पानं झाली तरी चिलखतातले सरदार नाहीत, गोलमेज नाही, आणि आर्थर तर राजासुद्धा नाही. मीही पहिल्या वाचनात याच कारणानं वैतागून पुस्तक दोन महिने बाजूला टाकलं होतं.

पण आपल्या डोक्यातला आर्थर मुळात बराच उशिराचा आहे. रोमन सत्ता ब्रिटनमधून इ.स. ४१० च्या सुमारास गेली. समुद्रापलीकडून आलेल्या सॅक्सन टोळ्यांशी लढणारा कोणी आर्थर असलाच, तर तो त्यानंतरच्या शे-सव्वाशे वर्षांतला. गंमत म्हणजे सॅक्सनांना हरवलं त्या बेडनच्या लढाईबद्दल सहाव्या शतकात लिहिणारा गिल्डास नावाचा ख्रिस्ती साधू आर्थरचं नावच घेत नाही. आर्थरच्या बारा लढायांची यादी सापडते ती नवव्या शतकात. गोलमेज आणलं वेस या नॉर्मन कवीनं, ११५५ साली. आर्थरचा सरदार लान्सलॉट आणि राणी ग्विनेव्हिअर यांचं प्रकरण फ्रेंच कवींचं, त्याच शतकातलं. १४८५ मध्ये मॅलरी या इंग्रज लेखकाचा आर्थरकथांचा ग्रंथ छापला गेला आणि त्यातले सरदार मॅलरीच्याच काळातले वाटावेत असे. सातवाहन राजाला पेशवाई पगडी घालावी, तसला प्रकार.

कॉर्नवेलनं ती पगडी उतरवली. त्याचा आर्थर उथर राजाचा अनौरस मुलगा, तान्ह्या मॉर्ड्रेडचं राज्य सांभाळणारा सेनापती. लढाई म्हणजे ढालीला ढाल भिडवून, समोरच्याच्या तोंडाचा वास येईल इतक्या जवळून केलेली रेटारेटी. पवित्र पात्राचा (होली ग्रेलचा) शोधही नाही. जादूगार म्हणून प्रसिद्ध असलेला मर्लिन इथे शोधतोय ब्रिटनच्या तेरा प्राचीन वस्तू, आणि त्यात मुख्य एक कढई. हे लेखकाच्या मनचं नाही. एका जुन्या वेल्श कवितेत आर्थर जहाजं घेऊन परलोकातल्या कढईच्या मागे जातो. जादू खरी की योगायोग, हे मात्र कॉर्नवेल शेवटपर्यंत सांगत नाही. मला हे फार आवडलं.

तरी पुस्तकाचा जीव आहे तो सांगणाऱ्यात. डेर्व्हेल (वेल्शमध्ये एकट्या ‘एफ’चा उच्चार ‘व्ह’ होतो) हा आर्थरचा जुना योद्धा, आता मठात म्हातारा झालेला. पोविस या वेल्श राज्याच्या तरुण राणीला, इग्रेनला, आर्थरची गोष्ट हवी आहे म्हणून तो ती चोरून लिहितोय. मठाचा प्रमुख सॅन्सम याची समजूत अशी की हा सॅक्सन भाषेत शुभवर्तमान उतरवतोय. राणी मधूनमधून येते, लिहिलेली पानं घेते आणि कुरकुर करते, कारण भाटांकडून ऐकलेलं इथे जुळत नाही. (कथानक आधी कळायला नको असेल तर पुढची तीन-चार वाक्यं गाळा.) लान्सलॉटचंच घ्या. त्याच्या बापाचं शहर फ्रँक लोकांच्या हाती पडतं तेव्हा तो होडीतून पळून जातो, त्याचा भाऊ गॅलहॅड मात्र शेवटपर्यंत लढतो. पण गाणी लान्सलॉटची, कारण भाटांना पैसे त्याचे. राणीला हे अजिबात रुचत नाही. ही पानं पुढे तिच्याच हातून जाणार आहेत, आणि तिला आवडेल तसा बदल ती करणारच, हे म्हाताऱ्याला ठाऊक आहे. बखरींवर वाद घालत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. खरं काय घडलं हा तुमचा प्रश्न या दोघांच्या भांडणातच सतत चालू असतो.

दोष आहेत. ख्रिस्ती मंडळी बहुतेक लबाड किंवा माथेफिरू, गॅलहॅडसारखे अपवाद थोडे, त्यामुळे लेखकाचा कल लपत नाही. नावं जिभेला झोंबतात. सुरुवातीला दिलेली माणसांची आणि ठिकाणांची यादी उघडी ठेवून वाचा, मी तसंच केलं.

आणि थांबायचंच असेल तर निदान आर्थर ग्विनेव्हिअरला पहिल्यांदा पाहतो तिथपर्यंत जा. त्याचं लग्न पोविसच्या राजकन्येशी, केनविनशी, ठरलेलं असतं, त्या लग्नावर तह उभा असतो, आणि हा गडी एका नजरेत सगळं मोडून बसतो. या पुस्तकाच्या शेवटची लढाई त्या एका नजरेची किंमत आहे.