मामा म्हणले म्हणून फोटो काढलेच नाहीत

कुणी न विचारता आपल्या कामात सल्ले देत असेल तर त्याचं तोंड कसं बंद करायचं, हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. आणि दरवेळी मला एकच पोरगा आठवतो. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, बाकी गोष्ट तशीच.

2025 चा पावसाळा. जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही नाही, मग जो दंगा झाला तो सगळ्यांना माहीतच आहे. त्यातलंच एक टोक कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये येऊन बसलं. तिशीतला पोरगा, आज्जापासून घरात चपलांचं काम. तक्रार काय, तर झोप नाही आणि दुकानात माणूस आलं की छातीत धडधडतं. गिऱ्हाईक नव्हे हां, ओळखीचं माणूस.

"मॅडम, ज्यांनी जन्मात रापी (कातडं कापायचं हत्यार) हातात धरली न्हाई ती माणसं मला शिकवायल्यात."

शेजारचा म्हणतोय एक्सपोर्ट कर, आता नाही तर कधी. मेव्हणा म्हणतोय जीआय लाव (म्हणजे माल मूळ कुठला ते सांगणारा भौगोलिक मानांकनाचा टॅग; तो 2019 लाच मिळालाय, आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, पण मेव्हण्याला वाटतं तसं ते बाजारातनं आणून चिकटवायचं स्टिकर नाही, नोंदणी करावी लागते). आणि मामा रोज संध्याकाळी येऊन एकच, फोटो काढ, व्हॉट्सअपवर टाक.

आता माझं ऐका. त्यानं टेबलावर ठेवलेला जोड मी उचलला, तळ दाबून बघितला आणि म्हटलं, "हे जरा मऊ नाही का करता येत?" त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. "मॅडम, बाभळीच्या सालीत न् हिरड्यात कमावलेलं कातडं हाय. घालून घालून तुमच्या पायाचं हुतंय ते." ओळख होऊन दहा मिनिटं झाली नव्हती आणि मी पण त्या रांगेत जाऊन उभी!

पुढची चूकही माझीच. ट्रेनिंगमध्ये शिकलेलं वाक्य दिलं त्याला, "मामा, मला सल्ला नको, लागला तर मी विचारीन." कागदावर एकदम बरोबर. मामा चहा तसाच ठेवून उठले, आईला फोन गेला, आई दोन दिवस पोराशी बोलली नाही. कोल्हापुरात मामाला असलं वाक्य ऐकवायचं म्हणजे काय, हे मला कळायला पाहिजे होतं की.

मग तोंड बंद करायचा नाद सोडला आणि विचारलं, या सगळ्यात मनाला जास्त काय लागतं? बराच वेळ गप्प. मग "फोटोचं" म्हणाला आणि मोबाईल काढून दाखवला. जानेवारीत, म्हणजे मिलानबिलानच्या कितीतरी आधी, त्यानं स्वतःच लिहून ठेवलेलं, कशाकशाचे फोटो घ्यायचे ते: कातड्याची वेणी घालताना, चपलेचे कान लावताना, वादीची शिवण जवळनं. त्यातला एकही काढला नव्हता.

"आता काढले तर मामाचं ऐकलं असं हुतंय की."

जॅक ब्रेम नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1966 मध्ये याला रिअ‍ॅक्टन्स म्हटलं. निवड माझी होती ती कुणीतरी हिसकावतंय असं वाटलं की माणूस अडून बसतो, मग त्यात स्वतःचंच नुकसान झालं तरी. स्वतःहून दप्तर उघडायला निघालेलं पोरगं आईचं "अभ्यासाला बस" ऐकलं की दप्तर ढकलून देतं ना, तेच. मला विचाराल तर फुकटच्या सल्ल्यातला खरा तोटा हाच आहे, डोकं उठतं ते वेगळंच.

मग आम्ही काय केलं, तर एका कागदावर सगळे सल्ले लिहिले आणि जे त्याला आधीपासून करायचंच होतं त्याच्यापुढं खूण केली. ते करायचं, कुणाला सांगायचं नाही. बाकीच्यांना एवढंच, "बघूया की. चहा घेणार?" खुलासा अजिबात नाही, कारण तो प्रत्येकाला कातड्याचा भाव, कारागिरांची टंचाई सगळं समजावत बसायचा आणि समोरच्याला त्यातनंच पुढचा सल्ला सुचायचा. मामांचं मात्र वेगळं. त्यांचा टेम्पो पुण्याला जातो, म्हणून त्यांना त्यानंच एक विचारायचं ठरलं, माल पाठवताना खोकी कशी भरायची? दोन संध्याकाळी मामा खोक्यांवरच बोलत होते म्हणे.

सहा फोटो काढले. पंधरा दिवस कुणाला दाखवले नाहीत, मग स्टेटसला ठेवले. मामा दुसऱ्या दिवशी दारातनंच, "बघ, मी म्हटलोतो का न्हाई!"

मी विचारलं, धडधडलं का?

"धडधडलं की मॅडम. पण हातातली वेणी सोडली न्हाई."