प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी जन्मली, तर तिची पुढची वाढ रिसेप्टर कसे ठरवतात? (प्रश्न नाशिकच्या एका बारावीच्या विद्यार्थिनीचा)

पेशीच्या कोणत्या वयात कोणता रिसेप्टर (रासायनिक संदेश पकडणारं पेशीवरचं प्रथिन) कामाला लागतो, त्यावर तिला फांद्या कशा फुटतील आणि ती जगेल की नाही, हे ठरतं. मी इथेच नाशिकला शरीरक्रियाशास्त्र शिकवते, आणि वर्गात सगळ्यांना चकवणारा भाग गाबा या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचा असतो. गाबा प्रौढ पेशीला शांत करतं, हे पुस्तकात असतंच. पण कोवळ्या पेशीच्या आत क्लोराइड जास्त साठलेलं असतं, त्यामुळे गाबाचा रिसेप्टर उघडला की क्लोराइड बाहेर पडतं आणि पेशी उलट उत्तेजित होते. २००६ च्या उंदरांवरच्या प्रयोगात हे क्लोराइड आत घेणारं प्रथिनच कमी केलं, तेव्हा नव्या पेशींच्या फांद्या आणि जोडण्या खुरटल्या. म्हणजे शांत करणारं रसायनच आधी वाढवतं. मला हे दरवर्षी नव्याने सुंदर वाटतं. पुढे दोन-तीन आठवड्यांची झाल्यावर पेशीची परीक्षा एनएमडीए रिसेप्टर घेतो. ग्लुटामेट या उत्तेजित करणाऱ्या रसायनाचे संदेश त्यातून मिळाले तर ती टिकण्याची शक्यता वाढते, नाहीतर बहुधा मरते. आपल्याकडे द्राक्षबागेत घडांची विरळणी करतात ना, तसंच. फक्त इथे निवड शेजारच्या पेशींशी स्पर्धेतून होते.

एक लक्षात ठेव: हे सगळं मुख्यतः उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधलं (मेंदूचा स्मरणाशी संबंधित भाग) आहे. माणसात प्रौढपणी अशा पेशी किती बनतात यावर वाद आहे. २०१८ मध्ये दोन संशोधक गटांनी अगदी उलट निष्कर्ष मांडले.