देवासच्या रस्त्यावरचा मारवा

प्रिय पोरी,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू देवासच्या कॉलेजात रुजू झालीस, गाडीही घेतलीस, हे आईकडून कळलं. रोज एकटीच जाणार-येणार म्हणून तिच्या जिवाला घोर लागलाय. मला मात्र तुझा हेवा वाटला. त्याच रस्त्यावर मी १९ वर्षं एकटी गेले-आले. इंदूरच्या पलासियातून निघायचं, मग विजयनगर, देवास नाका, मांगलिया, शिप्रा, आणि मग लांबून देवासची टेकडी दिसायला लागायची. चाळीसेक किलोमीटर. माझं गाणं ऐकणं झालं ते या रस्त्यावर. घरी कुकरची शिट्टी, दारावरची बेल, कोणाचा तरी डबा. अर्धा तास सलग कोणी ऐकू दिलं नाही, आणि मीही कधी मागून घेतला नाही.

गाडीत हात स्टिअरिंगवर अडकलेले, डोळे रस्त्यावर अडकलेले. भाजी निवडता येत नाही की फोन चाळता येत नाही. अशा वेळी मन कानात येऊन बसतं. तुझ्या देवासातच याचा मोठा दाखला आहे. गायक कुमार गंधर्व, आपले कुमारजी, १९४८ साली तिथे आले ते क्षयाने आजारी होऊन. गायची बंदी. पाचेक वर्षं त्यांना मैफल नव्हती. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी कानावर येत, ती त्यांनी मनात साठवली आणि पुढे त्या धुनांतून नवे राग उभे केले. काहीच करता येत नसताना माणूस किती खोल ऐकतो! टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं घर ‘भानुकुल’ आहे. एखाद्या संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर तिथून गाडी हळू ने.

आता कामाचं सांगते. शहरात ख्याल, म्हणजे सावकाश उलगडत जाणारं रागाचं गाणं, लावू नकोस. विजयनगरच्या सिग्नलला आलापाचे तुकडे होतात आणि आपलाच जीव कासावीस होतो. शहरात सिनेमातली जुनी गाणी ऐक. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्या मापाने ती घडलेली आहेत. एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत बरोबर बसतात. शिवाय लताबाई तर आपल्या इंदूरच्याच, १९२९ सालचा जन्म. देवास नाका सुटला, रस्ता मोकळा झाला, की मग ख्याल.

आणि ख्याल लावायचा तर आधी अमीर खाँसाहेब. त्यांचे वडील होळकर दरबारात सारंगी वाजवत. ते गाणं आपल्या गल्ल्यांमधूनच वाढलं. खाँसाहेबांचा विलंबित झूमरा ताल इतका ठाय, म्हणजे संथ, की १४ मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास जातं. साठच्या वेगात गाडी तेवढ्यात पाऊण किलोमीटर गेलेली असते. समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, पुढच्या समेपर्यंत पाऊण किलोमीटर! मी हे किलोमीटरच्या दगडांवर मोजून पाहिलंय. एका समेला दगड मागे पडायचा, पुढची सम यायची तेव्हा पुढचा दगड अजून दिसायचाच असायचा.

वेगाचं आणखी एक. साठच्या पुढे गेलीस की टायरची घरघर वाढते आणि तिच्याखाली पहिल्यांदा मंद्र सप्तक, म्हणजे खालचे स्वर, बुडतं. तानपुऱ्याचा खर्जही त्याच्याबरोबर जातो. मग आपण आवाज वाढवतो, तर वरचे स्वर कानावर आदळायला लागतात. आवाज वाढवू नकोस, गाडी हळू कर. काचा वर घे, पंखा एकवर ठेव. मी १९ वर्षं हळू गाडी चालवली, त्यात शहाणपणा किती होता माहीत नाही, पण मंद्र ऐकू यावं ही ओढ नक्की होती.

मारवा रागाची गोष्ट मात्र नीट ऐक. खाँसाहेबांची एक एलपी आहे, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. माझ्याकडे तिची कॅसेट होती. थंडीत संध्याकाळी देवासहून परतताना सूर्य अगदी समोर येतो. वरची झडप पाडली तरी खालून डोळ्यांत घुसतो. तीच मारव्याची वेळ. पंचम वर्ज्य, कोमल ऋषभावर गळा थांबून राहतो, आणि षड्ज, म्हणजे सा, येतो येतो म्हणता लांबत जातो. घर जवळ येत असूनही घरी पोचत नाही असं वाटायला लागतं. माझी आई गेली त्या वर्षी मी तो जवळजवळ रोज ऐकत होते. एका संध्याकाळी मांगलिया कधी मागे पडलं ते कळलंच नाही. समोर ट्रकचे लाल दिवे एकदम हाताच्या अंतरावर. ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली. पाय थरथरत होते. कॅसेट आत फिरतच होती.

तेव्हापासून मी एक पाळलं. शेवटची पाटी कुठली वाचली ते आठवेना झालं की गाणं बंद. किंवा गाडी कडेला लावून, इंजिन बंद करून उरलेलं ऐकायचं. खाँसाहेब स्वतः १३ फेब्रुवारी १९७४ला कोलकात्यात मोटारीच्या अपघातातच गेले. हे आठवलं की अजूनही माझा हात आपोआप बटणाकडे जातो. कानात इअरफोन तर मुळीच घालू नकोस. मागच्या ट्रकचा हॉर्न आपल्याला ऐकू यायलाच हवा.

आणि गात जा. एकटीच असतेस, कोण ऐकतंय? मला लहानपणी गाण्याच्या बाईंनी ‘तुझा सा लागत नाही’ म्हणून मागच्या रांगेत बसवलं होतं. मी पुढे तोंडच उघडलं नाही. पस्तिशी ओलांडल्यावर शिप्रेच्या अलीकडे, तानपुऱ्याबरोबर आकार लावता लावता एक दिवस तो लागला. काचा बंद होत्या, छातीत गुंजला. मी पुलापर्यंत तोच एक स्वर धरून ठेवला, श्वास घेऊन पुन्हा, श्वास घेऊन पुन्हा.

भाच्याकडून कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्यात, सोबत पाठवतेय. सकाळी जाताना सूर्य समोर असेल, तेव्हा पहिला सकाळचा राग भटियार लाव. मारवा इतक्यात नको, हात आधी रस्त्यावर बसू दे. आणि यंदा शिप्रेला पुलाखाली पाणी किती आहे, तेवढं कळव. मला आता तिकडे जाणं होत नाही.

तुझी,
मावशी